चार घागरी गोडं पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो अकोल्यात. हसायचं असेल तर हसून घ्या. मुंबईचा खरा समुद्र मी पुढं पुष्कळ वर्षांनी पाहिला आणि किनाऱ्यावर घटकाभरसुद्धा न थांबता परत फिरलो. पण त्याच्या आधी, ऐन वैशाखात, अकोल्याच्या एका बंगल्याच्या मागच्या पडवीत मी समुद्र सांभाळला होता. म्हणजे सांभाळायचा पगार घेतला होता.

ते दिवस कापसाच्या मस्तीचे होते. दूर अमेरिकेत माणसं एकमेकांना मारत होती, तिथला कापूस अडला म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि आमच्याकडं त्याबद्दल साखर वाटायची तेवढी बाकी राहिली होती. ती लढाई संपली तरी आमची मस्ती काही लगेच उतरली नाही. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या बैलबंड्यांची रांग वेशीबाहेरपर्यंत जायची. ज्यानं जन्मात जोडा घातला नाही तो कानात अत्तराचा फाया ठेवून फिरायचा. परक्या मुलखातले साहेब, दलाल, मेहते, हमाल सगळे आमच्या उन्हात येऊन भाजून निघायचे. आगगाडी नुकतीच अकोल्याला पोचली होती. मी अमरावतीच्या शाळेत थोडं इंग्रजी शिकलो होतो, अक्षर वळणदार होतं, म्हणून एका कापूसवाल्या गोऱ्या साहेबाकडं मला कारकुनी मिळाली. कास्तकाराच्या पोरानं साहेबाच्या टेबलाशी उभं राहून लिहायचं, याचा मला त्या वयात इतका गर्व होता की आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साहेबाचा धंदा कापसाचा, पण नाद समुद्राच्या जिवांचा. खेकडे, गोगलगाई, कालवं, काळ्या शिंपल्या, खडकाला टोपीसारखे चिकटून बसणारे शिंपले, आणि एक मऊ, तांबडा, बिनहाडाचा जीव, जो पाण्यात फुलासारखा उमलायचा आणि बोट लावलं की मिटायचा. समुद्राकाठच्या या जिवांना किती ऊन सोसतं, पाणी किती तापलं की कोण आधी मरतो, हे त्याला शोधून काढायचं होतं. ऊन पाहिजे तर वऱ्हाडासारखा मुलूख नाही, हे त्याचं म्हणणं मात्र खरं होतं. त्यानं आगगाडीनं पिंपंच्या पिंपं समुद्राचं पाणी मागवलं, काचेच्या दोन मोठ्या पेट्या मागवल्या, आणि वाळ्याचे पडदे सोडलेल्या पडवीत हा सगळा संसार मांडला. मी रोज तीन वेळा पाऱ्याची नळी पाण्यात बुडवायची आणि आकडा लिहायचा. गावातले लोक म्हणायचे, “साहेबाले ऊन लागलं, बाप्पा!” मीही त्यांच्यासारखाच हसायचो. साहेबासमोर नाही, एवढंच.

त्या पिंपांबरोबर एक माणूस आला. पन्नाशीचा कोळी, काळा, वाळका, डोळे कायम बारीक केलेले. होडीवरच्या म्होरक्याला त्यांच्याकडं तांडेल म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्याला तांडेलच म्हणायचो. तो आपल्या हौसेनं आला नव्हता. किनाऱ्यावर कापसाचे गठ्ठे होडीत घालून मोठ्या जहाजापर्यंत न्यायचं काम त्या दिवसांत कोळ्यांना लागलं होतं. तांडेलच्या होडीतले गठ्ठे एका लाटेत भिजले आणि साहेबाच्या कोठीच्या लोकांनी होडीच अडकवून ठेवली. घरी दोन सुना, पाच नातवंडं, आणि सगळ्यांचं पोट त्या एका होडीवर. ती सोडवायला तो कोठीत हेलपाटे घालत होता, तेवढ्यात साहेबाला जीव सांभाळणारा माणूस हवा झाला. साहेबानं त्याला माझ्यासमोर सांगितलं, मोडक्या हिंदुस्थानीत, “मोठा साहेब मुंबईहून बघायला येणार. तोवर हे जिवंत ठेव. ठेवलंस तर होडी सोडायची चिठ्ठी देतो. मेले तर होडी विसर.”

तांडेलनं माझ्याकडं बघून विचारलं, “चिठ्ठी कोण लिवणार?”

“मीच,” मी ऐटीत म्हणालो.

“मग बरं झालं,” तो म्हणाला. “तुमी भला माणूस दिसता, दादा.”

हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. माणसाची पारख त्याला नव्हती. खेकड्यांची होती.

खरंच होती. मी शाळेत शिकलेला, तो अंगठेबहाद्दर, पण त्या पडवीत शिकवायचा तोच. तो म्हणायचा, “ह्यांना ऊन नवीन नाय, दादा. ओहोटीला पाणी गेलं की खडकावर उन्हातच पडलेले असतात. पण जो तो आपल्या पायरीवर. ह्या बारक्या गोगलगाई सगळ्यांत वर, ह्यांना लई सोसतं. त्याच्या खाली कालवं. त्याच्या खाली काळ्या शिंपल्या. आणि हा लाल बाबा अगदी पाण्याच्या बुडाशी, ह्याला ऊन म्हणजे मरण. ज्याला जेवढं सोसतं तेवढंच तो वर चढतो.” टोपीसारखा शिंपला खडकाला का आवळून बसतो, तर आतलं घोटभर पाणी सुटू नये म्हणून. खेकड्याच्या तोंडाला फेस आला की समजायचं, श्वास कोंडलाय. शिंपलीनं तोंड उघडलं तर तिला टिचकी मारायची. मिटली तर जित्ती, नाही मिटली तर काढून टाकायची, नाहीतर एकीच्या मागं दहा जातात. पाणी तापलं की त्यातला दम जातो, असं तो म्हणायचा, आणि नारळाच्या करवंटीनं पाणी उंचावरून पेटीत सोडत बसायचा, तासन् तास.

साहेबाशी त्याचं एका गोष्टीवरून वाजायचं. साहेबाला एक पेटी सावलीतून उचलून एकदम उन्हात ठेवायची असायची आणि घड्याळ घेऊन बघायचं असायचं. तांडेल हात जोडायचा. “साहेब, हळूहळू तापवा. हळू तापलं तर जीव वळतो, सवय करतो. एकदम केलं की गेला.” साहेब ऐकायचा नाही. एका सकाळी त्यानं अशी अर्धी पेटी मारली आणि खूष होऊन माझ्याकडून आकडे लिहून घेतले. तांडेल मेलेल्या शिंपल्या हातात घेऊन पडवीच्या पायरीवर बसला होता. “हे मोजायला मारले, ते चालतात. माझ्या हातून मेले की होडी जाणार,” तो म्हणाला. मी शाईची दौत घेऊन आत गेलो.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच नासलं.

पेटीतलं पाणी उन्हानं रोज दोन बोटं खाली जायचं. तांडेल त्यात रोज चार घागरी गोडं पाणी ओतायचा. समुद्राच्या पाण्यात, विहिरीचं, प्यायचं, गोडं पाणी! पहिल्या दिवशी हे पाहून मी त्याचा हातच धरला. मी खारपट्ट्यातला माणूस. अकोला आणि अमरावतीच्या मधे पूर्णेच्या काठी आमचं गाव, जिथं पन्नास हात खणा की शंभर हात खणा, लागतं ते खारं पाणी. गोड्या पाण्याची एक विहीर कोसावर, आणि तिथून बाया डोक्यावर घागरी आणायच्या. आमच्याकडं गोडं पाणी खाऱ्यात सांडणं म्हणजे पाप. लहानपणी मी एकदा गोड्या पाण्याचा तांब्या खाऱ्या पाण्याच्या रांजणात उपडा केला, तर आईनं मला असा ठोकला होता की दोन दिवस गाल सुजला होता. आणि हा बुढा रोज चार घागरी ओततोय, तेही ऐन उन्हाळ्यात, अकोल्यात, जिथं गोड्या पाण्यासाठी पखालीवाल्याच्या पाया पडावं लागत होतं.

“काहून नासवता पाणी?” मी म्हणालो. “समुद्राचं कमी झालं तर समुद्राचंच टाका. हे राखीव पिंप भरलंय ना.”

“नाय दादा. ऊन पाणी पितं, मीठ पीत नाय. मीठ तिथंच राहतं. वर खारं टाकलं तर खारट वाढत जाईल. गोडंच टाकायचं, गेलं तेवढं.”

ही गोष्ट वऱ्हाडात कोणाला कळायला हवी होती तर ती मलाच. आमच्या गावाशेजारी खाऱ्या विहिरींचं पाणी वाफ्यांत सोडून उन्हात वाळवून मीठच करायचे. मी ते वाफे तुडवत मोठा झालो. पाणी उडतं आणि मीठ राहतं हे मी चालायला लागल्यापासून बघत होतो. पण ते गावचं, आणि हे साहेबाचं. आणि गोडं पाणी खाऱ्यात ओतायचं नाही हे तर त्याहून आधीपासून अंगात भिनलेलं. एक शिकलेला माणूस किती बिनडोक असू शकतो, याचा नमुना म्हणून मला कोणी शाळेत उभा केला तरी माझी हरकत नाही.

वैशाखाच्या मध्यावर साहेब कापसाच्या कामाला अमरावतीला गेला आणि तिथून मोठ्या साहेबाला घेऊनच येणार म्हणून सांगून गेला. त्याच दिवसांत तांडेलला ऊन लागलं. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला माणूस, आमची झळ त्याला कशी सोसावी? अंगात जाळ, डोळे लाल, ओकाऱ्या. हमालांनी त्याला बंगल्यामागच्या निंबाखाली खाटेवर टाकला. मी कांद्याचा रस पाजला, कैरीचं पन्हं दिलं. एवढं मात्र मी केलं. त्या तापातही तो माझं मनगट धरून एकच सांगत होता.

“दादा, चार घागरी. रोज. गोडं पाणी. विसरू नका. माझी होडी आता तुमच्या हातात हाय.”

“टाकतो जी तांडेल. तुमी पडून राहा,” मी म्हणालो.

पहिल्या दिवशी टाकलंही. चौथी घागर ओतताना जिवावर आलं, पण ओतली. मग घरी गेलो.

घरी माझी बायको सात महिन्यांची पोटुशी होती. आमच्या आळीतली विहीर खारी. पखालीवाला एक घागर गोडं पाणी द्यायचा तेव्हा दहा नखरे करायचा आणि त्यातही निम्म्या वेळा यायचाच नाही. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. खारं पाणी पिऊन ओठ फुटले होते. त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती आणि मला म्हणाली, “मले येक तांब्या गोडं पानी आनून देता का जी? जास्त नाई, येकच.” मागताना तिला लाज वाटत होती. आणि मी तासाभरापूर्वी चार घागरी खेकड्यांना घालून आलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबावर, तांडेलवर, समुद्रावर, सगळ्यांवर.

दुसऱ्या दिवसापासून चारही घागरी मी घरी नेल्या. पेटीत राखीव पिंपातलं समुद्राचं पाणी ओतलं, बरोबर जेवढं घटलं तेवढं. खाऱ्यात खारं. मला वाटलं, मी शहाणपणाच केला. चोरी वाटली नाही, उलट पुण्य वाटलं. वहीत मात्र रोज इंग्रजीत लिहिलं, ‘गोडे पाणी घागरी चार’. म्हणजे आत कुठंतरी मला ठाऊक होतंच की.

बायकोनं विचारलं, “हे पानी कुठून आनलं?”

“साहेब देते,” मी म्हणालो.

“भला मानूस हाये मंग,” ती म्हणाली आणि पोटभर प्यायली. आठवड्यात तिच्या पायाची सूज उतरली. ती नहायली, हसली, शेजारणीलाही एक तांब्या दिला. मी ओट्यावर बसून बघत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मी आजही नाकारत नाही. ते खोटं नव्हतं.

आठव्या दिवशी तांडेल खाटेवरून उठला. काठी टेकत पडवीत आला, पेटीपाशी उकिडवा बसला, बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. मग परत लावलं. गोगलगाई पाण्याबाहेर काचेवर चढून बसल्या होत्या. लाल जीव मिटला होता तो उमलतच नव्हता. पेटीच्या कडेनं पांढरी रेघ धरली होती. आमच्या वाफ्यांच्या बांधावर धरते तशीच.

“दादा, खारट झालंय,” तो म्हणाला. “गोडं टाकलंत ना?”

“टाकलं ना. रोज टाकलं. वहीत लिहिलंय.”

“आणि राखीव पिंप खाली कसं गेलं?”

“ते गळलं. उन्हानं फळ्या उलल्या.”

दोन वाक्यांत दोन थापा, आणि जीभ अडखळलीसुद्धा नाही. तांडेलनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्यानं पुन्हा बोट बुडवलं, चाखलं, आणि मान हलवली.

“माझी जीभच बिघडली असंल तापानं. तुमी लिवलंय म्हणता तर टाकलंच असंल.”

चाळीस वर्षं ज्या जिभेवर त्यानं वारा आणि पाणी ओळखलं, त्या जिभेपेक्षा त्यानं माझ्या अक्षरावर जास्त विश्वास ठेवला. अरे, मला दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या! पण शिकलेल्या माणसानं कागदावर लिहिलेलं खोटं असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

तरी त्यानं उपाय सांगितला. “जीभ खरी असो का खोटी, जरा जरा गोडं टाकून बघू. पण हळू. सकाळी घागरभर, सांजेला घागरभर. आठ दिवसांत चढलेलं आठ दिवसांनी उतरवायचं. एकदम केलं तर फुगून मरतील.” एवढं बोलून त्याला घेरी आली. मी त्याला धरून खाटेवर नेऊन निजवला.

दुपारी अमरावतीहून निरोप आला. साहेब उद्या सकाळी मोठ्या साहेबाला घेऊन येतोय.

मी घाबरलो. पेटीकडं बघितलं तर दोन खेकडे कोपऱ्यात, तोंडाला फेस. मी पखालीवाल्याला दम देऊन पखाल आणवली आणि भर दुपारी ती अख्खी पखाल दोन्ही पेट्यांत रिकामी केली. वरचं जास्तीचं पाणी सांडून पडवीभर पसरलं. तांडेल हळू टाका म्हणाला होता, हे मला ऐकू आलं नव्हतं असं नाही. पण मला सकाळपर्यंत सगळं ठीक दिसायला हवं होतं. मला जीव वाचवायचे नव्हते, माझी चोरी झाकायची होती.

सकाळी मी पडदा वर केला तर वास आला. शिंपल्यांची तोंडं उघडी. एकीला टिचकी मारली, दुसरीला मारली, मग मारायचं सोडून दिलं. खेकडे उताणे पडले होते. तो लाल जीव लाळेसारखा विरघळून बुडाशी बसला होता. तग धरून होत्या त्या फक्त सगळ्यांत वरच्या पायरीच्या बारक्या गोगलगाई, ज्या पाण्याबाहेर काचेवर चढून दार लावून बसल्या होत्या. तांडेल माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. तो पुढं झाला. पेटीत हात घालून एकेक काढायला लागला. मग काढता काढता खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. खेकड्यांसाठी रडत नव्हता तो. होडीसाठी, घरच्या खाणाऱ्या तोंडांसाठी.

दोघे साहेब आले. मोठ्या साहेबानं नाकाला रुमाल लावला आणि हसून काहीतरी म्हणाला. आमचा साहेब लाल झाला. त्यानं माझी वही मागितली, पानं उलटली. रोजच्या रोज माझ्या सुबक अक्षरात, पाणी टाकलं, पाणी टाकलं, पाणी टाकलं. म्हणजे कारकुनाचं काम चोख. मग चूक कोणाची? तांडेल हात जोडून उभा होता. साहेबानं विचारलं तसा तो म्हणाला, “मी तापानं पडलो, साहेब. आठ दिवस माझं ध्यान नव्हतं. दादानं माझ्यासाठी लई केलं. त्यांचा काय दोष नाय.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, पण तोंड उघडलं नाही. मी साहेबाच्या मागं, हातात दौत घेऊन, खाली मान घालून उभा राहिलो. नोकरी गेली तर पोटुशी बायको घेऊन खारपट्ट्यात परत, हे एकच डोक्यात घुमत होतं.

दुपारी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. मला वाटलं, ती तरी म्हणेल, तुम्ही माझ्यासाठी केलं. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, “मले सांगितलं असतं त म्या पेलं नसतं. म्या खारंच पेलं असतं. लहानपनापासून तेच पेते न मी.” आणि राहिलेली घागर तिनं उचलली, शेजारणीच्या दारात नेऊन ठेवली. पुढं आमची पोर चांगली धडधाकट झाली, पण त्या पाण्याबद्दल बायको माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

संध्याकाळी ऊन उतरता उतरता साहेबानं मला टेबलाशी बोलावलं. किनाऱ्यावरच्या कोठीचा कारभार बघणाऱ्या मेहत्याला चिठ्ठी लिहायची होती. मेहता मोडी वाचणारा, तेव्हा साहेब इंग्रजीत सांगणार आणि मी मोडीत उतरवणार, ही आमची रोजची रीत. साहेबानं सांगितलं, हा माणूस बेपर्वा आहे, याला होडी देऊ नये, पावसाळ्याआधी ती विकून टाकावी. मी बोरू बुडवला. एक क्षण थांबलो. साहेब खिडकीबाहेर बघत होता. मग मी लिहिलं, जे सांगितलं ते, सरळ ओळीत, एक शब्द न खोडता. साहेबानं खाली सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. “त्याला वाचून दाखव आणि गाडीत बसवून दे.”

तांडेल पायरीवर गाठोडं घेऊन बसला होता. मला कागद घेऊन येताना बघून उठला.

“दिली? चिठ्ठी दिली साहेबानं?”

“दिली.”

“काय लिवलंय, दादा?”

मी म्हणालो, “होडी सोडा, असं लिहिलंय.”

त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि कंबरेच्या पंच्यात घट्ट खोचला. मग वाकून माझ्या पायाला हात लावला, माझ्या बापाच्या वयाच्या माणसानं, आणि मी लावू दिला. स्टेशनापर्यंत मी त्याला पोचवायला गेलो. गाडीत चढताना तो सांगत होता, घरी गेल्याबरोबर होडी धुऊन काढणार, नवं डांबर लावणार, नारळी पुनवेला पाण्यात घालणार. गाडी हलली तरी तो हात हलवत होता.

साहेबाला मोडी वाचता येत नव्हती. तिचं एक अक्षरही तो ओळखत नव्हता. तोंडानं मी तांडेलला जे सांगितलं तेच कागदावर लिहिलं असतं, तरी साहेबानं त्याच्याखाली सही केलीच असती. आणि हे मला लिहिताना ठाऊक होतं.